चकल्यांखालच्या वह्या

कालिंदी टीचरनी माझ्या धाकट्या बहिणीला, मनवाला, धडा वाचायला उभं केलं आणि मनवाने न अडखळता अख्खं पान म्हणून दाखवलं. फक्त ते पान चाळीस होतं आणि पुस्तक उघडं होतं बेचाळीसवर. तिच्या बाकावरच्या स्पृहाने मधल्या सुट्टीत येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. वाटलं, काय डोकं आहे पोरीचं, अख्खा धडा पाठ. आणि तो पाठ करून घेतला कोणी, तर मी. मी मोठ्याने वाचायचे, ती डोळे मिटून ऐकायची, दोनदा ऐकलं की झालं.

तेव्हा मी दहावीत होते आणि मनवा आठवीत. ऑगस्टमध्ये दादरला वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि त्या दिवसापासून मी कोणाशीही बोलायला तयार असायचे. रेशनच्या दुकानात, बँकेत, गॅसवाल्याशी, सगळीकडे बाबा मला पुढे करायचे. शाळेने मला विद्यार्थिनी प्रतिनिधी केलं होतं. निळा बिल्ला होता, तो मी घरी आल्यावरही काढत नसे. आई म्हणायची, अंघोळीला तरी काढ.

पुढच्या आठवड्यात कालिंदी टीचरनी आई-बाबांना बोलावलं. बाबा लोअर परळच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये हाऊसकीपिंगला आहेत. अर्धा दिवस मागितला तर सुपरवायझर म्हणाला, घाडीगावकर, मुलगी शाळेत आहे की तुम्ही? बाबा कंपनीच्या शर्टावरच आले. टीचरनी खुर्ची पुढे केली तरी ते उभेच राहिले, मग आईही उभी राहिली, मग टीचरही उठल्या. सगळे उभे, आणि मधे मनवाची घटक चाचणीची उत्तरपत्रिका. वीसपैकी दोन.

टीचर या शाळेत नव्या होत्या. त्यांनी सांगितलं त्याचा अर्थ असा, की मनवाला सगळं कळतं, पण वाचता येत नाही आणि लिहिता येत नाही. आजवर ती वर चढत गेली कारण कोणी थांबवलं नाही, यंदा आठवीला मात्र नापास करतात. सरकारी हॉस्पिटलात तपासणी होते, तिथलं सर्टिफिकेट आलं की परीक्षेत ती सांगेल आणि दुसरं कोणीतरी लिहील. वेळही जास्त मिळेल. ते एप्रिलच्या आत हवं.

आईने एकच विचारलं, "म्हणजे डोक्याची टेस्ट?"

"डोकं चांगलं आहे तिचं," टीचर म्हणाल्या. "नुसतं ऐकून एवढं लक्षात ठेवते. मला नाही जमणार."

मनवा दाराशी उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

घरी येताना चाळीच्या नळावर तळमजल्याच्या बाई होत्याच. मानसी, शाळेतून आलीस वाटतं, म्हणाल्या. मोठी एवढी हुशार, मग धाकटीच्या वेळी काय खाल्लं होतंस? आईने कळशी न भरताच उचलली आणि वर आली.

त्यानंतर रांगा सुरू झाल्या. आधी कान तपासा, मग डोळे, मग अजून एक कागद, मग त्यावर शिक्का. सप्टेंबरचं ऊन असं, की हॉस्पिटलच्या आवारातले बाक बसवेनात. आई जुनी साडी दुमडून खाली घालायची आणि त्यावर मनवाला बसवायची. बाबा पिशवी छातीशी धरून उभे राहायचे, कंपनीचं नाव दिसू नये म्हणून. रखवालदार तरी त्यांना ए मामा, लाईन में, असंच म्हणायचा. मनवाचे कान चांगले निघाले, डोळेही चांगले निघाले. आईला प्रत्येक वेळी आनंद व्हायचा आणि मग आठवायचं, की कशाततरी दोष निघाला असता तर बरं झालं असतं.

शेवटी मुख्य तपासणीची तारीख मिळाली, अकरा डिसेंबर. सोबत आणायच्या वस्तूंची यादी मिळाली. जन्मदाखला, प्रगतिपुस्तकं, शाळेचं पत्र, आणि दोन वर्षांच्या वर्गातल्या वह्या.

आमच्या घरात खरी गडबड इथे झाली.

माझी आई साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. खिडकीपाशी पाटावर बसते, मांडीवर साडी, डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी. तिचं काम चाळीत वाखाणलं जातं ते एका गोष्टीसाठी. तिचा टाका सुलट बाजूला दिसत नाही. कितीही पातळ साडी असू दे. फॉल लावलाय हे कळलं तर ते काम कसलं, असं ती म्हणते, उलट बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची नसते.

त्या आईने मनवाच्या वह्या पुढ्यात घेतल्या. सातवीच्या सात, आठवीच्या सहामाहीच्या पाच. प्रत्येक पानावर तारीख, धड्याचं अर्धं नाव, एक ओळ आणि मग काहीच नाही. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. जिथे लिहिलं होतं तिथे काने गेलेले, वेलांट्या भलतीकडे, खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं.

"हे डॉक्टरसमोर ठेवायचं?" आई म्हणाली. "काय म्हणतील, आईबापांनी लक्षच दिलं नाही."

मी लगेच म्हटलं, मी लिहिते. मला यात काही चुकीचं वाटलं नाही, हे मला इथे लिहायला हवं. शाळेत वही तपासायला देताना आपण कव्हर घालतोच, अपुरं पुरं करतोच. ही तर केवढी मोठी तपासणी. शिवाय दोन वर्षं तिचा गृहपाठ मीच लिहीत होते, त्यात मला गंमत वाटायची, आपण मोठ्या झालो असं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी बारा वह्या उतरवल्या. सकाळी केर काढला की बसायचे ते जेवणापर्यंत, परत तीनला बसायचे. स्पृहाच्या आणि तिच्या ताईच्या वह्या आणल्या. शीर्षकं हिरव्या पेनने, समास लाल. मधल्या बोटावर फोड आली ती मी सगळ्यांना दाखवत फिरले. शेजारी स्टोव्हवर आई चकल्या तळत होती, मनवा सोऱ्या फिरवत होती. तिचे दंड दुखायचे पण ती सोडायची नाही, आणि मधेच विचारायची, "ताई, मी काय करू?" मी सांगायचे, तू धडे ऐक. आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायचे.

सगळं झाल्यावर वह्या मला थोड्या कोऱ्या वाटल्या. शाळेच्या वहीत लाल पेन नको? म्हणून मी बरोबरच्या खुणा केल्या. चार ठिकाणी छान लिहिलं. एका ठिकाणी अक्षर सुधारते आहे असंही लिहिलं. ते मला फारच खरं वाटलं होतं.

जुन्या वह्यांची पानं आईने चकल्यांखाली घातली. तेल सुटलं की कागद पारदर्शक होतो, तशी मनवाची अक्षरं एकेक करून वर आली आणि पुसट झाली. ती पानं फराळाच्या ताटांत चाळभर गेली. उरलेली भंगारवाल्याने नेली.

अकरा डिसेंबरला आम्ही सातलाच हॉस्पिटलात पोचलो. साडेअकराला आत बोलावलं. मेघना मॅडम म्हणून होत्या, आईच्याच वयाच्या, दमलेल्या, टेबलावर अर्धं सोललेलं संत्रं. त्यांनी आधी मनवाशी गप्पा मारल्या, काय आवडतं, चाळीत कोण कोण आहे. मनवा बोलली, मला आश्चर्य वाटलं इतकी बोलली. मग त्यांनी एक कागद दिला आणि पाच ओळी सांगितल्या. मनवाने पेन धरलं, तिची मान खाली गेली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तिच्या ओठावर घाम आला. दहा मिनिटांत दीड ओळ झाली.

मॅडमनी कागद घेतला. मग आमचा गठ्ठा उघडला. एक वही बघितली, दुसरी बघितली, मग सगळ्या भराभर. दीड ओळीचा कागद उघड्या वहीवर ठेवला.

"हे अक्षर कोणाचं?"

"हिचंच," आई म्हणाली. तिने ते इतकं पटकन म्हटलं की तयारी केल्यासारखं वाटलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू मोठी बहीण ना? तू सांग."

मी हजार माणसांसमोर सहा मिनिटं बोललेली मुलगी. माझ्या बिल्ल्यावर त्यांची नजर होती. आई माझ्याकडे बघत नव्हती, ती स्वतःचा अंगठा दाबत होती. मी म्हटलं, "तिचंच आहे, मॅडम. घरी निवांत लिहिते तेव्हा चांगलं येतं."

मग मनवा बोलली. "ताईचं आहे. ताईने दिवाळीत लिहिलं."

तिला काही बिघडवायचं नव्हतं. तिला वाटलं, विचारतायत तर सांगायचं.

"आणि ह्या लाल खुणा? टीचरच्या?"

"त्यापण ताईच्या."

मॅडमनी चष्मा काढला. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, लोक माझ्याकडे खोटी सर्टिफिकेटं मागायला येतात, जास्त मार्क मिळावेत म्हणून, चांगल्या घरचे येतात. म्हणून फाइल तीन जण बघतात. शाळेच्या पत्रात लिहिलंय मुलीला लिहिता येत नाही, आणि वह्यांत हे. "मुलगी खरी आहे, मला दिसतंय. पण यावर मी सही कशी करू? मूळ वह्या आणा, अगदी फाटक्या असल्या तरी."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांना काही माहीतच नव्हतं. ते सकाळी सहाला जायचे, वह्या कोणी लिहिल्या हे त्यांना कोण सांगणार होतं?

"त्या नाहीत," आई म्हणाली.

मग शाळेकडून नवीन पत्र आणा, खुलासा आणा, यंदाच्या वर्गात लिहिलेलं जे काही सापडेल ते आणा. पुढची रिकामी तारीख बावीस एप्रिल. वार्षिक परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. बाबांनी अलीकडची तारीख मागितली. मॅडमनी तारखांची वही फिरवून त्यांना दाखवली. प्रत्येक दिवसापुढे एका मुलाचं नाव होतं.

बाबा पुढे चालत होते, आम्ही मागे. पुलाखाली ते थांबले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी आजवर कधी हात लावलेला नाही, तरी वाटलं.

"अपेक्षा," ते म्हणाले, "तू बोलतेस छान."

एवढंच. आणि परत चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मी कालिंदी टीचरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, जशा आहेत तशा आणा, एवढं मी सांगायला हवं होतं. मग मुख्याध्यापकांच्या ऑफिसात मी पाऊण तास उभी होते. टीचरलाही ऐकून घ्यावं लागलं, माझ्यासमोर, नवीन आहात तर आधी घरच्यांना ओळखा, वगैरे. शिक्षकांच्या खुणा करणारी मुलगी प्रतिनिधी राहू शकत नाही, असं सर म्हणाले. बिल्ल्याची पिन शर्टात अडकली आणि निघेना. शिपाईकाकांनी काढून दिली.

मग मी चाळीत पानं शोधायला निघाले. चारही मजले. दिवाळीत आमच्या ताटात कागद होता तो आहे का हो? लोक हसले. कोणी म्हणालं, दिवाळी होऊन दीड महिना झाला, आता चकल्या मोजायला आलीस? कोणी दारातूनच मान हलवली. मनवा माझ्या मागे मागे, प्रत्येक दाराशी चप्पल काढून उभी. मी तिला म्हटलं तू घरी जा. ती गेली नाही.

तिसऱ्या मजल्यावर सुभद्रा काकू एकट्याच राहतात. त्यांनी विचार केला, फळीवरून सुकटीचा डबा काढला, सुकट परातीत ओतली आणि तळाचा कागद सोलून काढला.

"गो बाय, ह्या कागदार काय आसा ता माका काय कळता?" त्या म्हणाल्या. "डब्याक बरो वाटलो म्हणून ठेवलंय. वास येतलो हां."

आठवीच्या इतिहासाच्या वहीचं पान. गॅलरीत उजेडाला धरलं. दि. १४ ऑगस्ट, वार गुरुवार, एवढं कळलं. कोपऱ्यात खरं लाल पेन होतं, कालिंदी टीचरचं, पूर्ण कर. बाकी तेलामुळे एका बाजूचं लिखाण दुसऱ्या बाजूवर चढलं होतं, अक्षरं एकमेकांच्या अंगावर. एक ओळ वाचायला मला पाच मिनिटं लागली आणि तरी मधला शब्द लागेना. माझं डोकं दुखायला लागलं.

मनवाने वाकून बघितलं.

"असंच दिसतं ते," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातातून हळूच घेतला.

ते एकच पान मिळालं.

माझी दहावी मार्चमध्ये संपली. एप्रिलमध्ये मनवाची वार्षिक. रोज सकाळी मी तिच्या वेण्या घालत होते, रोज ती मला अख्खे धडे म्हणून दाखवत होती. दुपारी आली की आईजवळ पाटावर बसायची. एके दिवशी आईने विचारलं, आज काय आलं होतं? मनवाने प्रश्न सांगितले. मग उत्तरंही सांगितली, एकेक, सगळी, न चुकता. दुष्काळी भागातली पिकं, तीन कारणं, चौथं पण. आई टाका घालायची थांबली.

"मग हे लिहिलंस ना?"

"नाव लिहिलं," मनवा म्हणाली. "नंबर लिहिला. तारीख लिहिली. मग बेल झाली."

आईने सुई परत साडीत घातली. त्या साडीचा फॉल तिने संध्याकाळी उसवला, कारण टाके वर दिसत होते. मी तिला फॉल उसवताना त्याआधी बघितलं नव्हतं.

बावीस एप्रिलला आई ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेली, ज्यात ती गिऱ्हाइकांच्या साड्या देते. कालिंदी टीचरचं दोन पानी पत्र होतं. मेघना मॅडमनी पान बाहेर काढलं, खोलीभर सुकटीचा वास पसरला, आई खजील झाली. मॅडमनी ते पान टेबलावर सपाट केलं आणि फाइलमध्ये सगळ्यांत वर लावलं. या वेळी आम्हाला बाहेर बसवून मनवाला दोन तास आत ठेवलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बाबांनी तिला उसाचा रस पाजला.

निकाल मेमध्ये लागला. फेरपरीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली, तीही तशीच गेली. सर्टिफिकेट दुसऱ्या आठवड्यात आलं. जाड कागद, तिघांच्या सह्या, मनवाचा फोटो. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि कपाटात लग्नाच्या अल्बमखाली ठेवलं. आता मनवाला लेखनिक मिळणार होता, नववीत नाही, परत आठवीत. स्पृहा आणि सगळ्या मैत्रिणी वर गेल्या.

मी शाळेत जाऊन टीचरना म्हटलं, मीच तिची लेखनिक होईन. मला तिचं सगळं कळतं, ती अर्धं बोलली तरी मला पुढचं समजतं. टीचर म्हणाल्या, म्हणूनच नाही चालत. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, ती सांगेल तेवढंच लिहिणारा. एक शब्द जास्त नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आई खाकी कव्हरं घालायला बसली. सहा नव्या वह्या, कडा नखाने दाबून पक्क्या करत होती. मी पेन घेऊन बसले. आमच्या घरात लेबलं मीच लिहिते, मनवा पहिलीत गेली तेव्हापासून. घाडीगावकर हे आडनाव त्या चौकोनात बसवायची माझी युक्ती आहे.

मी पहिली वही ओढली. मनवाने ती परत स्वतःकडे ओढली.

तिने पेन मागितलं नाही, दप्तरातून स्वतःचं काढलं. मनवा लिहिलं. थांबली. बाबांचं नाव, अजित, लिहिताना वेलांटी राहिली, ती नंतर वरून दिली. आडनाव अर्ध्यावर आलं आणि चौकोन संपला, मग उरलेलं तिने बाहेर खाकी कागदावर लिहिलं, खाली घसरत घसरत. एक अक्षर उलटं पडलं. आई कव्हर धरून बघत होती. तिचा हात पुढे आला, मला वाटलं ती आता लेबल सोलणार आणि नवीन लावणार. तिने वहीवरचा दोऱ्याचा तुकडा उचलला फक्त.

मी माझ्या पेनला टोपण लावलं.

मनवाने वही उघडली, पहिल्या पानावर हात फिरवला.

"ताई," ती म्हणाली, "उद्या तारीख काय गं?"

"पंधरा जून. सोमवार."

ती लिहायला लागली. मी वाट बघत बसले.